५२ गुण, ३४ टक्के आणि 'सो व्हॉट?'

पत्र : मी परभणी जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी. कृषी. सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शाश्वत शेती या विषयात एम.एस्सी. करते आहे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ होते. पहिला २००० शब्दांचा निबंध परत आला, ५२ गुण. शेरे असे : 'टू डिस्क्रिप्टिव्ह', 'सो व्हॉट?', 'व्हेअर इज युअर व्हॉइस?' टर्निटिन या मजकुरातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ३४ टक्के दाखवलं. मी कुठेही चोरी केलेली नाही, प्रत्येक ठिकाणी संदर्भ दिला आहे. पुढचा ३००० शब्दांचा निबंध १० आठवड्यांनी द्यायचाय. आठवड्याला ५ तास काढू शकते. कोणता ऑनलाइन कोर्स करू? व्याकरण तपासणारं ॲप विकत घेऊ का? एआयकडून भाषा सुधारून घेतली तर चालेल का? निबंधातला एक परिच्छेद सोबत पाठवते आहे.

उत्तर : आधी गुणांचं बोलू. तिकडे एम.एस्सी.ला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. आपल्याकडच्या ५२ च्या नजरेने हे गुण वाचू नका. तरीही तुम्ही काठावर आहात हे खरं. तीन शेरे तुम्हाला तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण तक्रार एकच आहे आणि ती व्याकरणाची नाही. तुम्ही पाठवलेल्या शेऱ्यांत आर्टिकल ('अ', 'द'), काळ किंवा स्पेलिंग यांचा उल्लेखच नाही. तेव्हा ॲपचे पैसे तूर्त राहू द्या.

तुमचा परिच्छेद आम्ही इथे मराठीत देतो, म्हणजे भाषा बाजूला राहील आणि रचना दिसेल :

"भारत हा कृषिप्रधान देश आहे. महाराष्ट्रात पाणीटंचाई ही गंभीर समस्या आहे. ठिबक सिंचन ही इस्रायलमध्ये विकसित झालेली आधुनिक पद्धत असून तिचे अनेक फायदे आहेत. ठिबकमुळे पाण्याची बचत होते. शासन शेतकऱ्यांना अनुदान देते. म्हणून शेतकऱ्यांनी ठिबकचा वापर केला पाहिजे."

यातलं एकही वाक्य चूक नाही, आणि पंचाईत नेमकी तीच आहे. ज्याच्याशी कुणी वाद घालणार नाही असं एकामागून एक सांगितलंय, आणि शेवटी एक उपदेश आलाय. पहिल्या पाच वाक्यांचा क्रम उलटासुलटा केला तरी बिघडत नाही, म्हणजे ती एकमेकांवर उभी नाहीत. इंग्रजी कितीही सफाईदार केलं तरी हा परिच्छेद ५२ चाच राहणार.

आता याच विषयावरचा दुसरा परिच्छेद बघा :

"ठिबकवरच्या अनुदानाने एकरी पाणी वाचतं, पण तेवढ्याने खोऱ्यातला एकूण वापर कमी होईलच असं नाही. ग्राफ्टन आणि सहकारी (२०१८) दाखवतात की कार्यक्षमता वाढल्यावर खोऱ्याच्या पातळीवर पाणी क्वचितच शिल्लक राहतं. वाचलेलं पाणी क्षेत्र वाढवण्यात किंवा जास्त पाण्याच्या पिकात जातं. ही मांडणी खोऱ्याच्या पातळीची आहे. दोन एकरांच्या शेतकऱ्याकडे वाढवायला जमीनच नसते, तिथे हा परिणाम क्षेत्रवाढीपेक्षा पीकबदलातून दिसण्याची शक्यता अधिक. त्यामुळे अनुदानाचं यश किती संच बसले यावर मोजणं अपुरं आहे. पीकपद्धती आणि उपसाही मोजावा लागेल."

पहिलं वाक्य दावा करतं, आणि तो दावा कुणाला तरी खोडता येईल असा आहे. दुसरं-तिसरं पुरावा देतात. चौथ्या-पाचव्यात त्या पुराव्याची मर्यादा सांगितली आहे, आणि ती सांगायला परभणीची शेती पाहिलेलीच माणसं लागतात. शिक्षक 'व्हॉइस' म्हणतात तो हाच. 'इन माय ओपिनियन' लिहिल्याने तो येत नाही. दुसऱ्याच्या पुराव्याशेजारी उभं राहून 'इथपर्यंत पटतं, इथून पुढे नाही' असं सांगण्यातून येतो. शेवटचं वाक्य 'सो व्हॉट?'चं उत्तर आहे.

ही सवय लागली कशी? शाळेत निबंध म्हणजे सुविचाराने सुरुवात, सर्वमान्य गोष्टींची माळ, आणि शेवटी 'आपण सर्वांनी मिळून…'. गुण मुद्द्यांच्या संख्येवर. आयईएल्टीएसनेही ती मोडली नाही. तिथल्या दुसऱ्या प्रश्नात ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे, एकही स्रोत वाचायचा नाही आणि मत द्यायचं. विद्यापीठाचा निबंध जवळपास उलटा आहे : मत कमी, पण ते आठ-दहा लोकांच्या लेखनाशी भांडून किंवा जुळवून घेऊन कमावलेलं. म्हणून ६.५ किंवा अगदी ७.५ असूनही पहिला निबंध कोसळतो.

इंटरनेटवर या विषयात शोधलंत की एक चित्र हमखास भेटेल : इंग्रजी विचार सरळ रेषेत, पौर्वात्य विचार चक्राकार. रॉबर्ट कॅप्लान या अमेरिकी भाषाभ्यासकाने १९६६ मध्ये ते काढलं. त्यावर पुढे भरपूर टीका झाली, आणि रास्त झाली. तुम्ही चक्राकार विचार करता असं मुळीच नाही. एका शाळेने तुम्हाला एक निबंधप्रकार शिकवला, दुसरीने अजून दुसरा शिकवलेला नाही, एवढंच. उलट समोरच्याची बाजू आधी नीट मांडायची आणि मग खोडायची, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत आपल्या शास्त्रार्थात पूर्वापार आहे. तिकडचे शिक्षक 'काउंटर-आर्ग्युमेंट' मागतात तेव्हा फार वेगळं काही मागत नाहीत. ती पद्धत शाळेच्या निबंधात मात्र आली नाही. कॅप्लानपेक्षा जॉन हाइंड्स यांचं १९८७ चं निरीक्षण जास्त कामाचं : काही लेखनपरंपरांत अर्थ जुळवण्याचं काम वाचकाकडे असतं, इंग्रजीत ते लेखकाने करावं अशी अपेक्षा असते. वाचक हुशार आहे, समजून घेईल, असं धरून तुम्ही दोन वाक्यांमधला दुवा सोडता. तिकडचा वाचक तिथेच थांबतो आणि समासात प्रश्नचिन्ह काढतो.

आता ३४ टक्के. टर्निटिन चोरी मोजत नाही, जुळणारे शब्द मोजतं. संदर्भसूची आणि अवतरणंही त्यात धरली जाऊ शकतात. ती वगळण्याचा फिल्टर असतो, तुम्हाला दिसत नसेल तर शिक्षकांना विचारा. मग आकडा सोडा आणि रंग बघा. वीस ठिकाणी एक-एक टक्का विखुरलेला असेल तर 'द रिझल्ट्स ऑफ द स्टडी' यांसारखे सर्वांचेच शब्दगट त्यात बरेच निघतात. एकाच स्रोतातून ८-९ टक्के सलग असेल तर मात्र गडबड आहे, खाली संदर्भ दिलेला असला तरी. संदर्भ दिल्याने कल्पना कुणाची ते कळतं. वाक्य जसंच्या तसं घेतलं असेल तर अवतरणचिन्हही लागतं. मूळ वाक्याची चौकट ठेवून मधले चार शब्द बदलणं याला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासक 'पॅचरायटिंग' म्हणतात, आणि ते नवशिक्याच्या लेखनातलं एका टप्प्याचं लक्षण आहे असं त्यांचं म्हणणं. नियमावली मात्र तेवढी दयाळू नसते. (भारतात पीएच.डी. करणाऱ्या वाचकांसाठी : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो आकडा तिकडे लागू धरू नका.)

यावर उपाय मराठीतूनच आहे. लेखातला एक भाग वाचा, खिडकी बंद करा, चहा घ्या. मग मराठीत तीन ओळी लिहा. पहिली, लेखक काय म्हणतो. दुसरी, कशाच्या आधारावर म्हणतो. तिसरी, मला यातलं काय अपुरं वाटतं किंवा आमच्याकडे काय वेगळं आहे. इंग्रजी वाक्य या तीन ओळींवरून लिहायचं, लेखाकडे बघून नाही. शेवटी मूळ उघडून आकडे आणि अर्थ ताडून पाहायचा. मूळ इंग्रजी चौकट डोळ्यांसमोर नसल्यामुळे ठिगळं जोडली जात नाहीत, आणि तिसऱ्या ओळीमुळे आवाजाचा प्रश्नही इथेच निम्मा सुटतो. एक सावधगिरी : अख्खा निबंध मराठीत लिहून मशीनने भाषांतर करू नका. तीन ओळींची टिपणं मराठीत, परिच्छेद थेट इंग्रजीत.

कोर्सचं आता. कुठलाही कोर्स निवडताना दोनच गोष्टी बघा : दर आठवड्याला लिहायला लावतो का, आणि लिहिलेलं माणूस वाचतो का. नुसते व्हिडिओ बघून लेखन सुधारत नाही; पाच तासांतले चार बघण्यात जातात आणि प्रमाणपत्र मिळतं. कोर्सेरावरचा स्टॅनफर्डचा 'रायटिंग इन द सायन्सेस' चांगला आहे, पण त्याचा भर फाफटपसारा छाटून वाक्य सरळ करण्यावर. तुमच्या शोधनिबंधाच्या वेळी तो करा, आत्ता नाही. अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची 'अकॅडेमिक इंग्लिश : रायटिंग' ही मालिका व्याकरण-विरामचिन्हांपासून सुरू होते, घेतलीच तर पहिला कोर्स सोडून निबंधाच्या कोर्सपासून घ्या. पुढे शोधलेख प्रसिद्ध करायचा झाला तर ऑथरएड बघा, तिथे विकसनशील देशांतल्या संशोधकांना मोफत मार्गदर्शक मिळतो.

पण त्याआधी तुमच्याच विद्यापीठाची साइट उघडा आणि 'इन-सेशनल इंग्लिश' (अभ्यासक्रम चालू असताना सोबत मिळणारी इंग्रजीची शिकवणी) आणि 'रायटिंग सेंटर' किंवा 'स्टडी स्किल्स' शोधा. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत हे फीमध्येच धरलेलं असतं, ऑनलाइन भेटही मिळते, आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, कारण 'कच्च्या मुलांचा जादा तास' असं वाटतं. तसं नाही. ते लोक तुमचं व्याकरण सुधारून देणार नाहीत, हे मात्र आधीच लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या भेटीतच हिरमोड होईल.

तुमच्या विषयातला चांगला निबंध दिसतो कसा, हे तुम्ही बहुधा पाहिलेलंच नाही. वाचता ते शोधलेख, लिहायचा असतो विद्यार्थ्याचा निबंध; दोन्हींची बांधणी वेगळी. यासाठी दोन मोफत संग्रह आहेत. ब्रिटिश विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या लेखनाचा 'बॉवे' (BAWE) : त्यात २,७६१ असाइनमेंट आहेत, मेरिट किंवा डिस्टिंक्शनच्या दर्जाच्या, आणि शेती हा विषय त्यात स्वतंत्र आहे. दुसरा मिशिगन विद्यापीठाचा 'मिकस्प' (MICUSP) : त्यात 'ए' श्रेणीचे सुमारे ८३० पेपर आहेत. तिथे विषयात नैसर्गिक संसाधने आणि पर्यावरण निवडा, प्रकारात आर्ग्युमेंटेटिव्ह एसे, आणि तीन पेपर उघडा.

ते नुसते वाचू नका. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला मराठीत लिहा की तो काय काम करतो. काय सांगतो ते नको, काम लिहा : 'वाद कुठे आहे ते दाखवतो', 'पुरावा', 'पुराव्यातली फट', 'विरोधी मत मांडून मर्यादित करतो'. तीन पेपर झाले की तेच तुमच्या ५२ गुणांच्या निबंधावर करा. 'माहिती देतो' हा शेरा तुम्हाला किती वेळा लिहावा लागतो ते मोजा. एक व्हिडिओ-मालिका जे शिकवणार नाही ते यातून दिसेल.

मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. मोफत आहे, उत्तम आहे, आणि तिचा दुरुपयोगही तितकाच होतो : विचार न बदलता वर 'इट कॅन बी आर्ग्यूड दॅट' चिकटवलं जातं. तुम्हाला त्यातले तीनच विभाग लागतील : स्रोतांचा उल्लेख, टीका, आणि सावध विधान. आपल्याकडे ठामपणा हा गुण मानतात, 'निःसंशय' आणि 'सर्वच' सहज येतात. तिकडे पुराव्याच्या मापाचं क्रियापद वापरायचं. लेखकाने मोजून दाखवलं तर 'शोज', आकड्यांवरून अंदाज केला तर 'सजेस्ट्स', वाद घातला तर 'आर्ग्यूज'. 'क्लेम्स' लिहिलंत की तुम्हाला ते पटलेलं नाही असा वास येतो. 'प्रूव्ह्ज' समाज-शेती-पर्यावरणाच्या निबंधात जवळजवळ नकोच.

शब्दांच्या शंकेला 'स्केल' (SkELL) ही साइट वापरा, लॉगिन लागत नाही. 'डिस्कस' टाका आणि पुढे काय येतं ते बघा. 'डिस्कस अबाउट' ही आपली खास चूक आहे. 'रिसर्चेस', 'इक्विपमेंट्स', 'इन्फॉर्मेशन्स' याही तशाच. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते कानाने लागणार नाही. त्यासाठी शेवटी एक वेगळी फेरी ठेवा. फक्त नामं बघायची. मोजता येणारं एकवचनी नाम एकटं उभं दिसलं, म्हणजे नुसतं 'फार्मर' किंवा 'पॉलिसी', की तिथे 'अ', 'द', 'दिस' यांपैकी काहीतरी हवं किंवा अनेकवचन हवं. एवढ्या एका नियमाने बऱ्याच चुका सापडतात.

आता जे बहुतेक जण टाळतात ते : दुसऱ्याला वाचायला देणं. तिघांचा गट करा, आणि तिघंही मराठी नकोत. मराठी मैत्रीण तुमचा सुटलेला दुवा मनातल्या मनात भरते, कारण 'अनुदान' म्हटल्यावर काय काय होतं हे तिला ठाऊक असतं. नायजेरियाचा किंवा चिलीचा वर्गमित्र तिथेच अडखळेल, आणि तेच तुम्हाला हवंय. आठवड्याला प्रत्येकी ३०० शब्द, शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये, व्याकरणाला हात लावायचा नाही. वाचणाऱ्याने तीनच गोष्टी लिहायच्या : तुझा दावा माझ्या एका वाक्यात असा, मी या ओळीवर थांबलो, आणि या विधानाला पुरावा दिसला नाही. पहिलं वाक्य तुमच्या मनातल्या दाव्यापेक्षा वेगळं निघालं तर परिच्छेद परत लिहायचा, वाद घालायचा नाही.

इथे शिष्टाचारावरून गोंधळ होतो. आपण 'व्हेरी नाइस' लिहून मोकळे होतो, दुखवायला नको म्हणून. मग पुढच्याला वाटतं हिने वाचलंच नाही. उलट नेदरलँड्स किंवा जर्मनीची एखादी मुलगी 'आय डोन्ट फॉलो धिस' एवढंच लिहील, आणि तिच्या लेखी तो अपमान नसेल. ब्रिटिश शिक्षकाच्या 'यू माइट लाइक टू कन्सिडर' मधला 'माइट' मनावर घेऊ नका. ती सूचना आहे, आणि पाळायची आहे.

एआयबद्दल. आधी विद्यापीठाचा आणि त्या विशिष्ट असाइनमेंटचा नियम वाचा. दोन शिक्षकांचे दोन नियम असू शकतात. परवानगी असेल तर क्रम असा : पहिला खर्डा पूर्ण तुमचा, मग एआयला विचारा, 'या परिच्छेदाचा दावा काय वाटतो, आणि कुठे दुवा तुटतो?' सुधारून लिहून मागू नका. ते गुळगुळीत इंग्रजी देईल आणि तुमची परभणीची दोन एकरं त्यातून गायब होतील. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात उघडून बघा, अस्तित्वात नसलेले लेखही ते बिनदिक्कत देतं. आणि आवृत्त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या डॉक्युमेंटमध्येच लिहा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध एआय ओळखणाऱ्या सात साधनांना दिले, तेव्हा त्या साधनांनी माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरवले. साधा शब्दसंग्रह हे त्यामागचं मोठं कारण. उद्या कुणी शंका घेतलीच तर खर्ड्यांचा इतिहास दाखवता आला पाहिजे.

१० आठवडे असे वापरा. पहिले दोन त्या तीन पेपरांवर आणि तुमच्या जुन्या निबंधावर, पुढच्या निबंधाची एक ओळही न लिहिता. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दर आठवड्याला पुढच्या निबंधाच्या विषयावरचे ३०० शब्द आणि गटाचं वाचन. म्हणजे १२०० शब्द तावूनसुलाखून हातात येतात. सातव्या-आठव्यात बाकीचं लिहून पूर्ण खर्डा. नवव्यात रायटिंग सेंटरची भेट, पण ती आजच बुक करा, सत्र संपत आलं की वेळा मिळत नाहीत. दहाव्यात नामांची फेरी, संदर्भ, आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याने टाकलेली लेखकांची नावं डोळ्याखालून घालणं. आडनाव आणि नाव उलटं पडण्याचा प्रकार भारतीय लेखकांच्या बाबतीत सर्रास होतो. एखादा आठवडा बुडाला तर ३०० शब्द पुढे ढकलू नका, ते सोडून द्या आणि त्या आठवड्याचे लिहा.

आणि याच आठवड्यात शिक्षकांना एक मेल करा. 'रिस्पेक्टेड सर' नको, 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव पुरे. १५ मिनिटं मागा. 'मी कशी सुधारू?' असं विचारलंत तर 'मोअर क्रिटिकल ॲनॅलिसिस' एवढंच उत्तर मिळेल. दोन परिच्छेद घेऊन जा, एक पाठवलात तो, आणि एक तुम्ही नव्याने लिहिलेला. विचारा की यातला कोणता ६० च्या वर जाईल आणि कोणत्या वाक्यामुळे. ते ज्या वाक्यावर बोट ठेवतील त्याच्या बाजूला, ते वाक्य काय काम करतं, ते तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्या.